फ्लॅटमध्ये कारवानी कुत्रा पाळता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, नवरा-बायको दोघंही नोकरीला, घरात एक मांजर, आणि लातूरकडे ओळखीच्यांच्या कुत्रीला कारवानीची, म्हणजे नजरेवर शिकार करणाऱ्या आपल्याकडच्या सडपातळ देशी जातीची, पिल्लं झालीत. एखादं आणावं का, आणि आणलं तर काय काय सांभाळावं लागेल?

जागेची चिंता सोडून द्या. पिढ्यान्‌पिढ्या माळरानावर पळलेला कुत्रा घरात कोंडला तर भिंती खरवडेल, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात सकाळी मनसोक्त दमलेला कारवानी दिवसाचा बराचसा भाग झोपून काढतो, आणि शक्यतो सोफ्यावर. हट्ट म्हणून नाही. हाडांवर मांस-चरबीची गादीच नसते, त्यामुळे फरशीवर त्याची कोपरं आणि खुबे घासतात, तिथे काळे घट्टे पडतात. जाड गादी घाला, नाहीतर सोफा गेला असं समजा. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, वडिलांच्या काळापासून दारात कारवानी आहेत. आता शहरातल्या घरात हरणी नावाची पश्मी कुत्री आहे. पश्मी म्हणजे यातलीच, फक्त कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागे रेशमी झालर असलेली. हरणी घरात आहे हे पाहुण्यांना कित्येकदा चहा संपेपर्यंत कळत नाही.

अवघड भाग दाराबाहेर सुरू होतो. वासावर चालणारा कुत्रा हुंगत, थांबत, वळत जातो, त्याला हाक मारायला उसंत मिळते. कारवानी डोळ्यावर चालतो. अशा लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलावर पेशींचा दाट आडवा पट्टा असतो, त्यामुळे क्षितिजाच्या रेषेवरची बारीकशी हालचालही त्यांना टिपता येते. माणसाला डोकं न वळवता साधारण १८० अंशांतलं दिसतं, यांना २४०च्या आसपास. आणि दिसल्यावर जे पळतात ते वेगळंच पळणं आहे. एका झेपेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा पोटाखाली गोळा झाले की आणि एकदा पुढे-मागे पूर्ण ताणले की. तुमच्या तोंडून त्याचं नाव निघेपर्यंत तो रस्त्याच्या पलीकडे असतो.

म्हणून एकच अट घालतो, बाकी सगळं जमवून घेता येईल. उघड्यावर दोरी सुटणार नाही. कधीच नाही. हाक मारल्यावर यायला जरूर शिकवा, पण रस्त्याजवळ त्या शिकवणीवर जीव टांगू नका. या कुत्र्याची निवडच मालकाला न विचारता ठरवणारा म्हणून झाली आहे. ससा उठला की शिकारी मागे राहणार आणि पुढचं सगळं कुत्र्याच्या मनावर. मग आज तो तुमचं ऐकत नाही म्हणून त्याला मठ्ठ म्हणण्यात काही अर्थ नाही. मारून, ओरडून तर काहीच साधत नाही. फार हळवी जात आहे, एकदा दुखावला की दोन दिवस तुमच्याकडे पाठ करून बसेल. खाऊ देऊन, थोडा वेळ, कंटाळायच्या आत थांबून शिकवलं की शिकतो.

साधा पट्टा याच्या डोक्यावरून सर्रकन निघतो, कारण डोकं मानेपेक्षा अरुंद. ओढल्यावर बेताने आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या. दांड्यातून लांब होत जाणारी ती दोरी मात्र घेऊ नका. काही ढांगांतच हा जोरदार वेग धरतो आणि दोरी संपल्यावर बसणारा हिसका सरळ त्या बारीक मानेवर येतो. पळवायला बंदिस्त जागा शोधा, कुंपण सहा फुटांच्या आसपास हवं. आठवड्यातून काही वेळा अशी मोकळी पळापळ आणि रोज दोन वेळा नीट फिरणं, एवढं पुरतं. फ्लॅटचं दार मात्र जपा. कुरिअरवाला आल्यावर अर्धवट उघडलेलं दार हाच तुमच्या घरातला सगळ्यात धोक्याचा कोपरा आहे. गॅलरीला जाळी लावून घ्या, खाली कबुतर दिसलं तर मजला कितवा हे तो मोजणार नाही.

मांजरीचं सांगतो. पिल्लू लहान असताना आलं आणि मांजर मोठी, धीट, न पळणारी असेल तर बहुतेक जमतं. पण घरातली मांजर आणि जिन्यात पळणारी मांजर हे त्याच्या लेखी वेगवेगळे प्राणी आहेत. घरात तिला चाटणारा कुत्रा बाहेर दुसरीच्या मागे जीव खाऊन धावतो. मांजरीला चढून बसायला उंच जागा ठेवा आणि तुम्ही कामावर असताना दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा.

आता लोक काय म्हणतील ते. सोसायटीत पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारणार, "खायला घालत नाही का हो?" पूर्ण वाढलेला कारवानी ७० सेंटिमीटरच्या आसपास उंच आणि वजनाला साधारण २० ते २८ किलो, म्हणजे लॅब्राडोरपेक्षा उंच आणि बराच हलका. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हीच त्याची चांगली तब्येत. शेजाऱ्यांच्या समाधानासाठी त्याला भरवू नका, वाढीव वजन त्या लांब पायांच्या सांध्यांवर बसतं. गावाकडे याला भाकरी आणि दूध-ताकावर वाढवतात. तो जगतो, पण त्यावर स्नायू भरत नाहीत. अंडी, मांस किंवा चांगलं तयार खाद्य हवंच. छाती खोल आणि पोट आत गेलेलं असल्याने जठर फुगून पिळा पडण्याचा धोका या बांध्याच्या कुत्र्यांना जास्त असतो. दिवसाचं खाणं दोन वेळांत विभागा, जेवणाआधी आणि नंतर तासभर पळवू नका. पोट टम्म फुगलं, उलटीचा नुसता उमाळा येतोय आणि बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठा.

दवाखान्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. नसबंदी असो वा टाके, भूल देण्याआधी "हा शिकारी, नजरेवर पळणाऱ्या जातीचा कुत्रा आहे" हे डॉक्टरांना तोंडाने सांगा. थायोपेंटोनसारखं औषध शिरेतून दिल्यावर मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरतं, म्हणून इतर कुत्री लवकर शुद्धीवर येतात. यांच्या अंगात चरबी नावालाच. शिवाय ग्रेहाउंडवरच्या अभ्यासांत असं दिसलं की यकृतही हे औषध सावकाश निपटतं. परिणाम असा की भूल लांबते, शुद्धीवर यायला तास न्‌ तास लागू शकतात. आता दुसरी सुरक्षित औषधं सहज मिळतात, फक्त डॉक्टरांना आधी माहीत हवं. ऑपरेशनच्या टेबलावर हे कुत्रे लवकर गारही पडतात, तेव्हा पांघरुणाचं विचारा. रक्ततपासणीचंही तसंच. ग्रेहाउंडमध्ये तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि थायरॉइडचा आकडा कमी असतो, तोही पूर्ण निरोगी असताना. कारवानीचा रिपोर्ट असाच आला तर लगेच थायरॉइडच्या गोळ्या सुरू करण्याआधी हा मुद्दा डॉक्टरांपुढे ठेवा.

कातडी कागदासारखी पातळ, काटेरी तारेला अंग घासलं तरी फाटते. घरात जंतुनाशक आणि बँडेज ठेवा. केस आखूड असल्याने आंघोळ-विंचरणं जवळपास नाहीच, ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं. गोचीड मात्र रोज बघा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात. गोचीडतापाने धडधाकट कुत्रे जातात. ऊन सोसणारा म्हणून ख्याती असली तरी एप्रिल-मेमध्ये दुपारी पळवायचं नाही, आणि डिसेंबरच्या पहाटे अंगात स्वेटर घातला तर हसणाऱ्यांना हसू द्या.

स्वभावाने हा एका-दोघांचा कुत्रा. परक्याने डोक्यावर हात फिरवलेला आवडत नाही, तो बाजूला सरकतो. सरकू द्या. राखणीचं म्हणाल तर चाहूल लागली की सांगेल, पण अंगावर धावून जाणारा रखवालदार हवा असेल तर जात चुकली. इथे मुधोळचा विषय निघतोच. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांची पैदास जोपासली, त्यांची जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली, तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव गाजलं. २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, पुढे लष्करानेही काही पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. कौतुक आहेच. पण त्या बातम्या वाचून जो तो "कमांडो कुत्रा" मागायला लागला आणि त्यातले कित्येक वर्षभरात कोणाच्या तरी फार्महाउसला साखळीने बांधलेले दिसतात. साखळीला बांधलेला कारवानी मला बघवत नाही.

पिल्लू बघायला जाल तेव्हा आई बघा. ती परक्यांपुढे लाजरी असली तर ठीक, कोपऱ्यात थरथरत असेल तर परत या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका, २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ते विकताही येत नाही. "बाप सशाला कसा धरतो" याचे मोबाइलवरचे व्हिडिओ कौतुकाने दाखवले गेले तर तेही कौतुक नको. ससा असो की काळवीट, त्याची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि शिकारीला जुंपलेल्या आईबापांच्या जखमा, जंत, लसीकरण यांची तिथे काय अवस्था असेल याचा अंदाज बांधा.

राहता राहिली दोघांची नोकरी. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू आठ-नऊ तास एकटं राहू शकत नाही, ही जात तर सोबतीला फारच चिकटलेली. पहिले काही महिने घरात कोणी थांबू शकणार असेल तरच पिल्लू आणा. नसेल तर दीड-दोन वर्षांचा, मांजरीसोबत राहिलेला मोठा कुत्रा शोधा. असे कुत्रे घर शोधत असतात, कारण ज्यांनी हौसेने आणले त्यांना त्यांचं पळणं झेपत नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आधीच दिसतो, आणि पंधरा दिवस ठेवून बघू द्या असं मालकाला म्हणताही येतं.