दोन कॅटांची गंजिफा, गरम शिरवाळे आणि रात्रभराचा दशावतार

‘अलीकडे सापडलेली, आवडलेली आणि दुसऱ्याला सांगावीशी वाटणारी गोष्ट कोणती? खाण्यातली, कलेतली, करमणुकीतली, कुठलीही चालेल,’ असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या तिन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यातल्या, सिंधुदुर्गातल्या निघाल्या. तिन्ही जुन्याच, पण हल्ली लोक त्यांच्याकडे काचेच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखं बघतात. त्या घरी आणून वापरता येतात, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

पहिली गंजिफा. सावंतवाडीची गोल, लाखेचा हात दिलेली, हाताने रंगवलेली पानं तुम्ही फोटोत पाहिली असतील. तिथल्या राजवाड्यात राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले आणि शिवरामराजे भोसले यांनी ही कला मरता मरता वाचवली. आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण बहुतेक जण ही पानं चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. मुळात हा पत्त्यांचा डाव आहे, आणि डोकं शिणवणारा डाव आहे.

दशावतारी गंजिफेत 120 पानं असतात. रंग दहा, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचा एक. दर रंगात बारा पानं, म्हणजे राजा, वजीर आणि एक ते दहा. मोगल गंजिफेत रंग आठ, पानं 96. खरी गंमत पुढे आहे. निम्म्या रंगांत राजा-वजिराखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, तर उरलेल्या निम्म्या रंगांत वजिराखाली थेट एक्का, मग दुर्री, तिर्री, आणि दश्शी तळाला. नवखा माणूस पहिल्या दोन डावांत नेमका इथे आपटतो. उलट्या रंगातला एक्का रद्दी समजून टाकून देतो, आणि ते त्या रंगातलं तिसऱ्या नंबरचं पान असतं.

शिकायला महागडा संच लागत नाही. एकाच कंपनीचे, पाठीवर एकसारखी नक्षी असलेले पत्त्यांचे दोन कॅट (जोड) घ्या. आठही गुलाम आणि जोकर बाजूला काढा. प्रत्येक कॅटात 48 पानं उरतील, दोन्ही मिळून बरोबर 96, म्हणजे मोगल गंजिफेइतकी. एका कॅटाच्या प्रत्येक पानावर, तोंडाच्या बाजूला, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत परमनंट मार्करने ठिपका द्या. स्केचपेन नको, गुळगुळीत पानावरून ती शाई बोटाला लागून निघते. आता ठिपक्याचा बदाम हा एक रंग आणि बिनठिपक्याचा बदाम दुसरा, असे आठ रंग झाले. राणीला वजीर म्हणा. सुलटा-उलटा क्रम लक्षात ठेवायची सोपी युक्ती अशी: लाल रंगांत (बदाम, चौकट) दश्शी मोठी, काळ्यांत (इस्पिक, किलवर) एक्का मोठा. पाठीची नक्षी वेगळी असलेले कॅट मात्र चालणार नाहीत, समोरच्याच्या हातातला रंग पाठीवरूनच कळतो.

खेळायला तीन जण लागतात आणि तिघेही स्वतंत्र, भिडू-भिडू नाही. एवढी पानं हातात पिसता येत नाहीत, म्हणून चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवा. चार-चार करून उजवीकडून वाटा, आठ फेऱ्यांत प्रत्येकाला 32 पानं मिळतात. दशावतारी डावात दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याची पहिली उतारी (म्हणजे पहिलं पान तो खेळतो), आणि रात्री कृष्णाच्या राजाची. आपल्या कॅटात दिवसा बिनठिपक्याचा बदाम राजा आणि रात्री बिनठिपक्याचा इस्पिक राजा धरा.

पारंपरिक डावाचे नियम याहून बारीक आहेत. सुरुवातीला एवढे पुरेत: उतारीच्या रंगातलं सगळ्यात मोठं पान हात जिंकतं. तोच रंग टाकायची सक्ती नाही, हातात असला तरीही नाही. आपल्या नेहमीच्या अर्थाचा हुकूम इथे नसतो, म्हणजे दुसऱ्या रंगाने मारता येत नाही. ज्याचा हात, त्याची पुढची उतारी. एकूण हात 32, आणि बत्तिसाला तिनाने भाग जात नाही, त्यामुळे तिघांची बरोबरी कधीच होत नाही. तीन डाव खेळून हातांची बेरीज करा.

‘हुकूम’ हा शब्द गंजिफेतही आहे, पण अर्थ निराळा. एखाद्या रंगात खेळायची राहिलेली जी पानं, त्यातलं सर्वांत मोठं पान म्हणजे त्या वेळचा हुकूम. राजा पडला की वजीर हुकूम होतो, वजीर पडला की दश्शी किंवा एक्का. त्यामुळे आठही रंगांत काय पडलं हे डोक्यात ठेवावं लागतं, आणि सगळा खेळ तिथेच आहे. मारायची सोय नसल्यामुळे एकदा गेलेली उतारी परत येईलच याची खात्री नसते. म्हणून उतारी आली की हुकूम वाजवून घ्यावेत. पण एखाद्या रंगाचा राजा तुमच्याकडे आणि वजीर दुसऱ्याकडे असेल, तर राजा खेळून तुम्ही त्याचाच वजीर मोठा करता. वाजवायचा की दाबून ठेवायचा, हा हिशेब दर वेळी नवा. याउलट वजीर तुमच्याकडे आणि राजा बाहेर असेल, तर त्याच रंगाचं हलकं पान उतरा. बऱ्याचदा राजावाला हात घ्यायला राजा खर्च करतो आणि तुमचा वजीर हुकूम होऊन बसतो.

32 पानं हातात धरायचा प्रयत्न करू नका. राजे, वजीर आणि त्यांच्या लगतची पानं हातात ठेवा, बाकीची फेकी पानं समोर पालथी रचा, आणि दुसऱ्याच्या हुकमावर त्यातलंच एकेक टाकत जा. एका डावाला अर्धा-पाऊण तास लागतो. रमी-तीनपत्तीला सरावलेल्यांना पहिला डाव कंटाळवाणा वाटेल. दुसऱ्या डावात राजे मोजायची सवय लागली की मग पानं खाली ठेववत नाहीत.

खाण्यातली गोष्ट, शिरवाळे. तांदळाच्या ताज्या शेवया आणि त्यावर नारळाचा गोड रस. मालवणी घरात यात नवं काही नाही, पण घाटावर फार कमी लोकांनी खाल्लेत. मोदकाची उकड जमते त्याला हे जमायला हरकत नाही.

चौघांसाठी दोन वाट्या तांदळाचं पीठ, दोन वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा तेल. पीठ मोदकासाठी दळतात तसं बारीक हवं. भाकरीचं भरड पीठ घेतलंत तर शेव साच्यातून तुटत तुटत येते. पाण्याला उकळी आली की मीठ, तेल आणि पीठ घालून ढवळा, झाकण ठेवून मंद आंचेवर दोन मिनिटं वाफ द्या, आणि सोसेल तितकं गरम असतानाच, हाताला पाणी लावत मळा. जुन्या तांदळाचं पीठ जास्त पाणी पितं, नव्याचं कमी. मळताना कडेला भेगा पडत असतील तर पाणी कमी आहे.

आता साच्यात बसतील असे लांबट मुटके वळा आणि उकळत्या पाण्यात सोडा. ते वर तरंगायला लागले की आणखी पाचेक मिनिटं उकळू द्या. ही दुसरी शिजवणी लोक टाळतात आणि तिथेच फसतात. नुसत्या उकडीत मुटक्याच्या मधलं पीठ अर्धकच्चं राहतं, त्याची शेव पिठूळ लागते आणि रसात पडताच विरघळते. पूर्ण शिजलेल्या मुटक्याची शेव लवचीक, किंचित पारदर्शक दिसते.

मुटका पाण्यातून काढला की लगेच साच्यात. एका वेळी एकच काढायचा, बाकीचे गरम पाण्यातच राहू द्यायचे. गार झालेला मुटका दगडासारखा होतो, मग साचा दाबला जात नाही आणि जोर लावला तर साचाच मोडतो. कोकणात यासाठी लाकडी साचा असतो, त्यावर अक्षरशः अंगाचा भार टाकतात. शहरात पितळी, फिरकीचा सोऱ्या चालतो. बारीक शेवेची चकती नको, तिच्याहून एक नंबर जाड घ्या. दोन हातांनी दाबायचे हलके स्टीलचे साचे या कामाचे नाहीत.

रसासाठी एक मोठा नारळ खवून, कोमट पाणी घालून वाटा आणि पिळा. पहिला जाड रस साधारण एक वाटी, दुसरा पातळ पाऊण वाटी. वाटीभर चिरलेला गूळ पातळ रसात विरघळवून गाळून घ्या (गुळात खडे असतातच), मग जाड रस, वेलची आणि चिमूटभर मीठ. हे मिश्रण गॅसवर ठेवू नका. तापवलं की गुळाच्या आंबटपणाने नारळाचं दूध फाटतं, वर तेल आणि खाली चोथा. फ्रिजमध्येही नको, वरती खोबऱ्याच्या तेलाची साय धरते.

उरलेले शिरवाळे दुसऱ्या दिवशी कडक होतात. पाच मिनिटं वाफवले की पुन्हा मऊ येतात. नाहीतर मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी द्या आणि वर ओलं खोबरं. खरं सांगायचं तर मला गोडापेक्षा हेच जास्त आवडतात.

तिसरी गोष्ट दशावतारी नाटक. कार्तिकापासून गावोगावी जत्रा सुरू होतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हे खेळ चालतात. आधी पालखी, मग उशिरा रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. रंगमंचावर एक बाक, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज, बस्स. हातात लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी आख्यान आणि प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, आणि राजापार्ट, खलपार्ट, पुरुषच करत असलेला स्त्रीपार्ट असे सगळे आयत्या वेळी संवाद रचतात. हे माहीत असलं की बघण्याची नजरच बदलते. दोन नट वादाला भिडले की कोण कोणाला शब्दांत अडकवतो याकडे लक्ष द्या. एखादं वाक्य ठरल्यापेक्षा लांबलं की पेटीवाला कसा सांभाळून घेतो, तेही बघा.

पहिल्यांदा जाणारे दोन चुका करतात. एक, सुरुवातीचा आडदशावतार चुकवतात. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी आणि काळ्या वेशातला संकासुर त्यात येतात. देव-राजे संस्कृतप्रचुर मराठी बोलतात आणि संकासुर मालवणीत त्यांची फिरकी घेतो, सगळ्यात जास्त हशा तिथेच पिकतो. हल्ली हा भाग पुष्कळदा आटोपता घेतात, म्हणून वेळेआधी जाऊन बसा. दुसरी चूक, ‘ट्रिकसीन’चा खेळ आधी बघतात. धूर, दिवे आणि उडती शस्त्रं बघायला मजा येते, पण संवादांची कसोटी साध्या खेळात लागते. यूट्यूबवर पूर्ण लांबीचे खेळ आहेत. तिथेही तुकडे न बघता एक आख्यान सलग बघा.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 साली त्यासाठी पद्मश्री मिळाली, त्यांच्या कला आंगणात हे सगळं बघायला मिळतं. सावंतवाडीहून पिंगुळी एका दिवसात सहज होते. सकाळी राजवाड्यात गंजिफा, दुपारी पिंगुळी आणि रात्री जवळपास जत्रा असेल तर नाटक. मधे मात्र थोडी झोप काढून घ्या, आणि रात्री सोबत शाल न्या. मार्गशीर्ष-पौषात पहाटे उघड्या मैदानात चांगलंच गारठतं.