घडीच्या चाकूचं लॉक आणि आपली बोटं

प्रश्न: दादा, बरीच वर्षं बिनलॉकचा साधा घडीचा चाकू वापरत होतो, कधी काही झालं नाही. मागच्या महिन्यात चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडायला गेलो आणि पातं फटकन मिटलं, तर्जनीला तीन टाके. आता लॉकवालाच घ्यायचा ठरवलंय पण लायनर लॉक, फ्रेम लॉक, बॅक लॉक, क्रॉसबार हे सगळं वाचून डोकं गरगरायला लागलंय. सगळ्यात मजबूत कुठलं ते एकदाचं सांगा.

उत्तर: आधी बोट नीट बरं होऊ द्या, टाके निघाले तरी सांध्यावरची कातडी बरेच दिवस ओढली जाते, तोवर चाकू हातात धरायची घाई नको.

आता मजबूत कुठलं हे बघायच्या आधी पातं मिटलं का ते बघू, कारण सगळं तिथेच आहे. आपण दोरी कापतो किंवा लाकूड तासतो तेव्हा जोर धारेवर येतो आणि तो जोर पात्याला उघडायच्याच दिशेने ढकलत असतो, त्यामुळे लॉक नसलं तरी वर्षानुवर्षं काही होत नाही आणि आपल्याला वाटतं की चाकू सुरक्षित आहे. पण टोकाने भोक पाडायला गेलात, किंवा पातं जाड पुठ्ठ्यात अडकलं आणि तुम्ही ते हलवून हलवून बाहेर ओढलंत, की जोर पात्याच्या पाठीवर येतो आणि तेव्हा त्याला अडवायला मुठीतली एक स्प्रिंगची पट्टी सोडून काहीच नसतं. तुमचं नेमकं तेच झालं. भोक पाडायला आरीच घ्यायची, हे लॉकवाला चाकू आल्यावरसुद्धा.

बॅक लॉक म्हणजे मुठीच्या पाठीवरून जाणारी दांडी, मध्ये पिनवर तोललेली, तिचं पुढचं नाक पात्याच्या बुडाच्या, म्हणजे मुठीत राहणाऱ्या टोकाच्या, खाचेत बसतं आणि मागून दाबलं की नाक वर उठून पातं सुटतं. बक कंपनीच्या ११० नंबरच्या चाकूने १९६० च्या दशकात हे घरोघरी नेलं. चांगलं बनवलेलं असेल तर दणकट असतं, फक्त खिशातले धागे आणि भुसा त्या खाचेत जाऊन बसतो आणि नाक पूर्ण खाली उतरत नाही, वरून बघितलं तर लॉक लागल्यासारखंच दिसतं! म्हणून ती खाच टूथपिकने साफ करत राहायची. कोल्ड स्टील कंपनीच्या ट्राय-ॲड लॉकमध्ये याच दांडीपुढे एक आडवी पिन टाकलीय, जोर थेट त्या पिनवर जातो, दांडीवर कमी येतो. नुसत्या ताकदीचा विचार केला तर मी त्याच्यावर बोट ठेवेन, पण ते बऱ्यापैकी कडक असतं, एका हाताने मिटवताना अंगठा दुखतो.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतल्या पत्र्याचाच एक भाग कापून वाकवलेला असतो, पातं उघडलं की तो आत सरकून बुडामागे उभा राहतो. आत्ताचं त्याचं रूप मायकल वॉकर या कारागिराने १९८० च्या सुमारास बसवलं. फ्रेम लॉक म्हणजे तीच कल्पना, फक्त पातळ पत्र्याऐवजी मुठीची जाड भिंतच वाकते, हे ख्रिस रीव्ह या कारागिराचं काम. त्यात मला आवडतं ते हे की तुम्ही मूठ जितकी घट्ट आवळाल तितकं लॉक आणखी आत दाबलं जातं. लायनर लॉकमध्ये उलटंही होऊ शकतं, मूठ पिळून जोर लावताना बोटाचं मांस आत जाऊन पत्रा बाजूला ढकलतं.

क्रॉसबारमध्ये एक आडवी कांडी असते, दोन बारीक स्प्रिंगा तिला पुढे ओढून पात्याच्या बुडावर धरतात, बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये ॲक्सिस नावाने आणलं आणि पेटंटची मुदत संपल्यावर आता बऱ्याच कंपन्या बनवतात.

तुमच्यासाठी मी क्रॉसबारच सांगेन, आणि त्याचं कारण ताकद नाहीये. लायनर आणि फ्रेम लॉक मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत ठेवूनच पत्रा ढकलावा लागतो, मग तो काढून घ्यायचा, रोज दहा वेळा. क्रॉसबारमध्ये कांडी मागे ओढताना एकही बोट वाटेत नसतं. ज्याला एकदा पात्याने धरलंय त्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. स्पायडर्को कंपनीच्या कॉम्प्रेशन लॉकमध्येही पत्रा पाठीच्या बाजूला असल्यामुळे बोटं अशीच बाहेर राहतात, तोही हातात घेऊन बघा.

प्रश्न: लायनर लॉकला गंज नको म्हणून सगळीकडे तेल घातलं, तर आता पातं दाबलं की लॉक किंचित घसरल्यासारखं वाटतं. माझंच चुकलं का?

उत्तर: हो, पण दुरुस्त होण्यासारखं आहे. तेल पिव्होटला, म्हणजे पातं जिच्यावर फिरतं त्या पिनेला घालायचं, एक थेंब. पत्र्याचं टोक पात्याच्या बुडाला जिथे टेकतं ती जागा कोरडी हवी, ते बूड थोडं तिरकं घासलेलं असतं आणि पत्रा तिथे पाचरीसारखा निव्वळ घर्षणावर धरलेला असतो, त्यात तेल गेलं की पाचर निसटणारच. कापसाला स्पिरिट लावून दोन्ही जागा पुसा, वाळू द्या आणि परत बघा. तरीही घसरत असेल तर पत्रा बुडाच्या किती आत आलाय ते वरून बघा. नव्या चाकूत तो साधारण ३० ते ५० टक्के जाडी झाकतो, झिजत झिजत पुढे सरकतो आणि समोरच्या भिंतीला टेकला की त्याचं आयुष्य संपलं. असा चाकू पाकिटं फोडायलाही वापरू नका.

प्रश्न: मी डावखुरी आहे, काय घेऊ?

उत्तर: क्रॉसबार किंवा बॅक लॉक, दोन्ही हातांना सारखेच. लायनर लॉक बहुतेक उजव्या अंगठ्यासाठी केलेले असतात, डाव्या हाताने उघडताना बोटं नकळत पत्र्यावर दाबली जातात.

प्रश्न: वडिलांचा लाकडी मुठीचा ओपिनेल मिळालाय. पावसात भिजल्यापासून पातं बाहेरच येत नाही, पक्कड लावू का?

उत्तर: पक्कड अजिबात नको ताई, पात्याची पाठ खरवडेल आणि घसरली तर हात जाईल. लाकूड फुगलंय एवढंच. आधी मुठीच्या पात्याकडच्या टोकाला असलेलं धातूचं कडं फिरवून त्यातली फट पात्यासमोर आलीय ना ते बघा, २००० नंतरच्या चाकूंत ते कडं मिटलेलं पातंही अडवतं. मग मूठ हातात अशी धरा की धारेची फट बोटांपासून लांब राहील, आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या लाकडावर टकटक आपटा. दोनचार ठोक्यांत पात्याचं नाक वर येतं, ते चिमटीत धरून उघडायचं. ओपिनेल फ्रान्समधल्या ज्या साव्हॉय भागातले तिथले लोक हेच करत आलेत. नंतर उघडा ठेवून सावलीत वाळवा, उन्हात ठेवलात तर मुठीला चीर जाईल.

त्या फिरत्या कड्याचं नाव व्हिरोब्लॉक, १९५५ पासूनचं, ६ नंबर आणि पुढच्या मापांना असतं. मला हे लॉक फार आवडतं, कारण ते कसं चालतं हे डोळ्यांना दिसतं, फट एका बाजूला गेली की पात्याला मिटायला जागाच उरत नाही. पण ते आपण होऊन लागत नाही! पातं उघडलं की कडं फिरवायची सवय हातालाच लावावी लागते. तुमच्या वडिलांचा चाकू जुना असेल तर कड्यावर त्यांच्या अंगठ्याने झालेली गुळगुळीत जागा सापडेल, तिथूनच फिरवा, तिथून सोपं जातं.