अक्कलदाढ काढलीय? आधी खड्डा सांभाळा
भूल पूर्ण उतरेपर्यंत काही चावू नका. ओठ-गाल बधिर असताना स्वतःचाच गाल चावला जातो आणि कळतही नाही.

खरी काळजी त्या खड्ड्यात धरलेल्या रक्ताच्या गुठळीची. ती निघाली की खालचं हाड उघडं पडतं. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. म्हणून स्ट्रॉ अजिबात नको, ओढताना बसणारा ताण गुठळी उचकटतो. जोरात थुंकणं, सिगारेट, दारूही बंद. पहिले 24 तास चूळसुद्धा नको. नंतर कोमट मिठाच्या पाण्याची, तीही तोंडात हलकेच फिरवून सोडून द्यायची.

पहिल्या दिवशी थंड किंवा कोमटच घ्या: दही, गाळलेलं सूप, कुस्करलेलं केळं. आइस्क्रीम चालतं, पण सुकामेव्याचे तुकडे नसलेलं! मग मऊ भात, अंडं, उकडलेला बटाटा, दुसऱ्या बाजूने चावून. तीळ, दाणे, चिप्स, तिखट मात्र बरेच दिवस लांब ठेवा. बारीक कण खड्ड्यात अडकले की छळतात. वेदनाशामक गोळी शक्यतो रिकाम्या पोटी नको.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढून कानापर्यंत ठणका गेला किंवा तोंडाला घाण वास आला, तर वाट न बघता डेंटिस्टला फोन करा.