वर्गात ख्रिस्ताची साक्ष द्यायची कशी?

प्रश्न: मी सरकारी शाळेत सहावीला शिकवते. नोकरीचं दुसरं वर्ष आहे. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "रोज ४० लेकरं समोर असतात, तरी तू येशूचं नाव घेत नाहीस. दिवा मापाखाली ठेवतेस." तेव्हापासून मन खातंय. शाळेत धर्म शिकवायला परवानगी नाही, आणि ती असावी असंही मला वाटत नाही. मग ख्रिस्ती म्हणून मी वर्गात नेमकं करायचं काय?

उत्तर: ताई, त्यांनी बायबलमधलं दिव्याचं वचन अर्ध्यावर सोडलं. मत्तय ५:१६ मध्ये प्रभू पुढे सांगतो की लोकांनी तुमची सत्कर्मं पाहावीत आणि स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. 'पाहावीत'. मी ३१ वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवलं. तो एक शब्द मला पुरला.

वर्गातलं मूल उठून जाऊ शकत नाही. त्याचे गुण तुमच्या हातात असतात. ज्याला 'नको' म्हणायची मुभा नाही, त्याला सुवार्ता ऐकवणं मला आजही अन्यायाचं वाटतं. 'सगळं विकून माझ्यामागे ये' हे येशूचं बोलणं ऐकून श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघाला, तेव्हा प्रभूने त्याला जाऊ दिलं.

मार्क ८ मधला बेथसैदाचा आंधळा आठवा. येशूने त्याच्यावर हात ठेवून विचारलं, काही दिसतंय का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशूने पुन्हा डोळ्यांवर हात ठेवले, तेव्हा त्याला स्पष्ट दिसू लागलं. स्वतः प्रभूने विचारून पाहिलं, अर्धवट उत्तर ऐकून घेतलं आणि दुसऱ्यांदा हात लावला. अपूर्णांक शिकवताना हा उतारा मला फार उपयोगी पडला. "समजलं का?" म्हटलं की ४० माना हलतात. त्यात झाडं पाहणारी सात-आठ असतातच, १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारी. त्यांच्या बाकाशी जायचं, कागदाची पट्टी दुमडायची आणि आवाज न चढवता तेच पुन्हा दाखवायचं. शेवटच्या तासाला, घसा बसलेला असताना, एवढं करायलाही मला देवाची मदत मागावी लागायची.

प्रार्थना मी घरी करायची, दार लावून, मत्तय ६ मध्ये सांगितलंय तशी. हजेरीच्या क्रमाने रोज पाच नावं. सकाळी ज्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याच्यावर दुपारी खेकसणं जड जातं.

तरी एकदा माझ्या हातून मोठी चूक झाली. चाचणीत एका मुलाचं उत्तर शेजाऱ्याच्या उत्तराशी चुकांसकट जुळलं. "कॉपी केलीस," असं मी भर वर्गात त्याला म्हणाले. शाळा सुटल्यावर शेजारचा मुलगा रडत आला; कॉपी त्याने केली होती. रात्रभर झोप नाही. आरोप सगळ्यांसमोर केला होता, म्हणून क्षमाही दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मागितली. बाजूला बोलावून गुपचूप मागणं फक्त माझ्या सोयीचं झालं असतं. 'पश्चात्ताप' हा शब्द मी वर्गात कधीच उच्चारला नाही, पण त्या दिवशी मुलांनी तो पाहिला असं मला मनापासून वाटतं.

मुलांनी विचारलं तर मात्र लपवू नका. "बाई, तुम्ही कोणत्या देवाला मानता?" "मी ख्रिस्ती आहे." एवढं सांगून पुन्हा फळ्याकडे वळा. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्या, सौम्यतेने. सहकाऱ्यांचं वेगळं आहे. ती मोठी माणसं आहेत, नको असेल तर विषय बदलतील. त्यांच्याशी मधल्या सुट्टीत मोकळेपणी बोला.

त्या वडीलधाऱ्यांवर राग धरू नका. पुढच्या रविवारी त्यांनाच प्रार्थनेला सोबत घ्या. मुलांची नावं सांगू नका, फक्त म्हणा: एक मुलगा रोज उशिरा आणि उपाशी येतो, एक मुलगी फळा वाचताना डोळे बारीक करते. त्या मुलीच्या घरी मात्र रविवारची वाट न पाहता उद्याच निरोप पाठवा, म्हणजे तिचे डोळे तपासून होतील.