गाइडच्या नावापुढचे चार शब्द

अनेक आशीर्वाद.

पीएचडीचा गाइड निवडण्यासाठी तू पाठवलेली प्राध्यापकांची यादी पाहिली. ज्यांच्या नावापुढे संशोधनाचा विषय म्हणून 'ज्येष्ठ नागरिक' लिहिलं आहे, त्या तिघांवर खूण केली आहेस. पण विषय जुळला म्हणजे गाइड जुळला, असं धरून चालू नकोस. समाजकार्यात पीएचडी करताना विषय बराचसा वाचून कळतो. गाइडकडून शिकायला मिळते ती पद्धत, आणि त्याच्यामुळे हाताशी येतो डेटा, किंवा माणसांपर्यंत पोचण्याचा रस्ता. नेमक्या याच गोष्टी नावापुढच्या त्या चार शब्दांत लिहिलेल्या नसतात.

समज, तिघांपैकी एकाचं काम 'हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी'वर चालतं. ही अमेरिकेतली पाहणी १९९२ पासून सुरू आहे. पन्नाशी ओलांडलेल्या त्याच माणसांना दर दोन वर्षांनी पुन्हा विचारलं जातं. इथे क्षेत्रकार्य शून्य. सगळा वेळ मधेच गळालेल्या उत्तरांचं काय करायचं आणि कोणतं संख्याशास्त्रीय मॉडेल बसवायचं यात जातो. दुसऱ्या प्राध्यापक अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या घरच्या माणसांच्या मुलाखती घेतात. तिसरे वृद्धाश्रमातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतात आणि रहिवाशांवर त्याचा काय परिणाम झाला ते मोजतात. शब्द एकच, पण तिघांकडची पीएचडी वेगवेगळी. आकड्यांचं वावडं असलेल्याने पहिल्याकडे नाव घातलं, तर पहिली दोन वर्षं संख्याशास्त्र गिळण्यातच जातील.

म्हणून यादी बाजूला ठेव आणि प्रत्येकाचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध काढ. एकाच नावाची माणसं बरीच असतात. नावावरून शोधण्यापेक्षा सोळा अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांकावरून, म्हणजे प्रत्येक संशोधकाच्या स्वतंत्र ओळखक्रमांकावरून शोध. माणशी आठ-दहा निबंध पुरतात. चार रकाने आख: प्रश्न काय, कोणावर, कोणत्या पद्धतीने, डेटा कुठून आला. सारांशावर थांबू नकोस, पद्धतीचा भाग पूर्ण वाच. मग लेखकांची नावं बघ. आपल्या क्षेत्रात नावांचा क्रम साधारणपणे कामाच्या वाट्यानुसार लागतो. विद्यार्थ्यांची नावं आधी येत असतील तर गाइड त्यांना लिहू देतो असं समजायला हरकत नाही. दहा निबंधांत एकही विद्यार्थी नसेल तर का, हे विचारावं लागेल. शेवटची अनुदानाची ओळही सोडू नकोस. अनुदान संपत आलं असेल तर त्या प्रकल्पाच्या भरवशावर टॉपिक ठरवू नये. यादीत आहे पण सहा-सात वर्षांत ज्यावर काहीच छापलेलं नाही, तो विषय जुना झाला म्हणायचा. या याद्या नोकरीवर रुजू होताना लिहिल्या जातात आणि पुढे क्वचितच कोणी त्यांना हात लावतं. 'सक्षमीकरण', 'सामाजिक न्याय', 'वंचित घटक' हे शब्द तर सगळेच लिहितात. त्यांवरून काही कळत नाही.

एक वाद मात्र आधीच ओळखून ठेव. समाजकार्य हा पेशा आहे का, असा सवाल अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१५ साली केला आणि त्याच्याकडे स्वतःचं वेगळं तंत्र नाही असं उत्तर दिलं. परिणाम मोजून दाखवण्याचा आग्रह धरणारे एकीकडे आणि लोकांना बरोबर घेऊन संशोधन करणारे दुसरीकडे, ही ओढाताण अजून मिटलेली नाही. दोन्हीकडे चांगलं काम होतं, पण एकाच प्रबंधाला दोन्हीकडून शाबासकी मिळणं कठीण.

आता आकड्यांचं बोलू, कारण बहुतेक सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, इथेच फसतात. तिसऱ्या प्राध्यापकांसारखं प्रशिक्षण असलेला आणि नसलेला असे दोन गट ताडायचे, प्रशिक्षणाचा मध्यम परिणाम (सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या ०.५ पट) पकडायचा, पॉवर (खरा परिणाम असला तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के आणि पातळी (परिणाम नसताना तो आहे असं वाटण्याची जोखीम) ०.०५ ठेवायची, तर प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८ माणसं लागतात. पण प्रशिक्षण अख्ख्या आश्रमाला मिळणार, माणसागणिक नाही. एका आश्रमातले रहिवासी एकमेकांसारखेच असतात. प्रत्येक आश्रमातून २० जण घेतले आणि हे साम्य, म्हणजे आयसीसी, फक्त ०.०५ धरलं तरी १२८ ला १.९५ ने गुणावं लागतं. झाले २५०. त्यात २० टक्के गळती धर, म्हणजे सुमारे ३१२. सोळाएक वृद्धाश्रम! एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं हे काम नाही. गाइडची अशी चाचणी आधीच चालू असेल तर तिच्यातला एक तुकडा माग, उदाहरणार्थ प्रशिक्षण ठरल्याप्रमाणे दिलं गेलं का, एवढंच तपासणं. नवी चाचणी उभी करायला जाऊ नकोस.

मुलाखतींचा रस्ता सोपा वाटतो, पण तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार ते सहा तास लागतात. तीस मुलाखती म्हणजे १२० ते १८० तास, आणि हे कोडिंगच्या, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयवार खुणा देण्याच्या, आधीचं. 'बारा मुलाखतींत नवं येणं थांबतं' हे २००६ च्या एका अभ्यासातलं वाक्य सगळे वापरतात. तो अभ्यास बऱ्याच सारख्या माणसांवरचा होता. तू मुलं, सुना आणि पगारी सेविका असे तीन गट घेणार असशील, तर बाराचा आधार लागू पडत नाही.

परवानग्यांना वेळ ठेव. स्मृतिभ्रंश झालेला माणूस स्वतः संमती देऊ शकतो का, नसेल तर कोण देणार, आणि तो नको म्हणाला तर काय, हे नैतिकता समिती विचारणारच. मुलाखतीत छळ होत असल्याचं कळलं तर काय करायचं, हेही आधी लिहून ठेवावं लागतं. अशा वेळी 'सगळं गुप्त ठेवू' असं वचन देता येत नाही. संमतिपत्रात हे स्पष्ट नसेल तर अर्ज परत येतो आणि महिने जातात. ज्या गाइडचा एखाद्या संस्थेशी आधीपासून लेखी करार आहे, त्याच्याकडे यातला बराच वेळ वाचतो.

मग ईमेल. अडीचशे शब्दांच्या आत. त्यांच्या एका निबंधातल्या पद्धतीबद्दल एक खरा प्रश्न, तुझा प्रश्न दोन वाक्यांत, आणि सोबत बायोडेटा. दहा जणांना एकच मजकूर पाठवलास तर तो ओळखू येतो. दोन आठवड्यांनी एकदाच आठवण कर. भेट मिळाली तर हे विचार: सध्या किती विद्यार्थी आहेत, किती जणांचं पूर्ण झालं आणि किती वर्षांत, किती जणांनी मधेच सोडलं, प्रकरण दिल्यावर शेरे किती दिवसांत येतात, डेटा कोणाच्या मालकीचा, निबंधावर नावं कोणत्या क्रमाने, निवृत्ती किंवा दीर्घ रजा जवळ आहे का. उत्तरं गोलमोल आली तर त्यांच्याच सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळं गाठ.

पद्धत जुळते पण वृद्धांचा विषय नाही, असा एखादा गाइड तुझ्या खुणा नसलेल्या नावांत सापडेल. त्याच्याकडे जा आणि विषयाच्या जाणकाराला पीएचडीच्या सल्लागार समितीत घ्यायला सांग. उलटं करू नकोस. समितीतला सदस्य वर्षातून दोनदा भेटतो, तेवढ्यात विश्लेषण शिकवून होत नाही. रकान्यांचा तक्ता भरून झाला की पाठव. पद्धतीचा रकाना कोणाच्या नावापुढे कोरा राहिला, तेही त्यात दिसू दे.