कॅमेरा मुलांच्या हातात द्या

वर्गातल्या व्हिडिओबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. मी स्वतः प्राथमिकच्या वर्गावर शिकवते, त्यामुळे उत्तरं वर्गात करून पाहिलेल्या गोष्टींवरूनच देते आहे.

प्रश्न : मी तिसरीला शिकवते. विज्ञानाच्या धड्याला जोडून वीसेक मिनिटांचा व्हिडिओ लावते. मुलं अगदी शांत बसून बघतात. पण नंतर विचारलं, तर ‘छान होता’ यापलीकडे काही सांगता येत नाही. माझी निवड चुकते आहे का?

निवड चांगली असेल, पण वीस मिनिटं फार झाली. दोन मिनिटांचा तुकडा घ्या आणि आवाज बंद करा. निवेदक सगळं सांगून टाकतो, मग मुलांना बघायचं कामच उरत नाही. शांत बसलेला वर्ग बघत असतोच असं नाही.

फुलपाखरू कोषातून बाहेर येतानाचं चित्रण मी मुकं लावते. पंख ओले, चुरगळलेले असतात, तिथे थांबवते. ‘हे आजारी आहे का?’ असं कुणीतरी विचारतंच. उत्तर द्यायचं नाही, सगळ्यांचे अंदाज फळ्यावर लिहायचे. मग पुढचं लावायचं : पंख हळूहळू ताठ होत जातात. फुलपाखरू अंगातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलून ते पसरवतं, हे मी त्यानंतर सांगते. तोवर मुलांना ते जाणून घ्यायचंच असतं.

दुसऱ्या दिवशी त्याच तुकड्याचं निवेदन मुलांनी लिहायचं आणि चित्र चालू असताना वाचायचं. वाक्य लांबलं की चित्र पुढे निघून जातं. मग मुलं आपणहून शब्द खोडायला लागतात. ‘थोडक्यात लिहा’ असं कितीही सांगून जे होत नाही, ते इथे न सांगता होतं.

प्रश्न : चौथीच्या मुलांकडून छोटी फिल्म करून घ्यायची इच्छा आहे. पण वर्गात चाळीस मुलं आणि फोन एकच, तोही माझा. जमेल का?

जमेल, आणि एकच फोन असल्याचा फायदाच होईल, कारण फोन मिळेपर्यंत प्रत्येक गटाला आपलं काम कागदावर पक्कं करावं लागेल. पाच-सहा जणांचे गट करा. प्रत्येक गटाने सहा चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत काय दिसणार ते चित्राने दाखवायचं. चौकटी समजल्याशिवाय फोन द्यायचा नाही, हा नियम मी मोडत नाही. एक गट चित्रण करत असताना बाकीचे कातरकाम, लेखन, आवाजाचा सराव यांत असतात.

सुरुवात स्टॉप मोशनने करा. वस्तू किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. ॲनिमेशनमध्ये एकच चित्र दोनदा दाखवून १२ चित्रांवर भागवण्याची जुनी पद्धत आहे आणि वर्गासाठी तेवढी भरपूर होतात. हे गणित मुलांनाच करू द्या. १५ सेकंदांच्या फिल्मला १८० फोटो लागतील. कागदी बेडूक प्रत्येक फोटोला एक सेंटिमीटर सरकला, तर सेकंदात १२ सेंटिमीटर जाईल. मग बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला किती सेकंद लागतील? हे उदाहरण सोडवायला कुणाच्या मागे लागावं लागत नाही.

आता विषय. मला सगळ्यात जवळची आहे ती हातच्याची वजाबाकी. ५२ मधून २७ वजा करायचे, काड्यांनी : दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. माझ्या वर्गात वह्यांमधली उदाहरणं बिनचूक सोडवणारा एक मुलगा होता. चित्रणात हातचा घ्यायची वेळ आली, तेव्हा त्याने एक गठ्ठा बाजूला सारला आणि सुट्या काड्यांत एकच काडी ठेवली. वहीत आपण दोनाच्या शेजारी छोटा एक लिहितो ना, तोच त्याच्या डोळ्यांसमोर होता. फोटोंची नोंद ठेवणारी मुलगी म्हणाली, ‘मग नऊ काड्या कुठे गेल्या?’ सगळा गट थांबला. गठ्ठा परत आणला, दोरा सोडला, दहा काड्या मोजून मांडल्या. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. त्या मुलाचं वहीतलं उत्तर मी कायम बरोबर म्हणून तपासलं असतं, कारण ते बरोबरच होतं. त्याला गठ्ठ्याचं काय होतं ते कळलेलं नाही, हे चित्र-चित्र करत पुढे जाताना दिसलं. म्हणून मी म्हणते, फिल्म करणं हे धडा संपल्यावरचं बक्षीस नाही, धडाच तिथे होतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. फोन हातात धरू देऊ नका. स्टँड नसेल, तर दोन खुर्च्यांवर पट्ट्या टाकून त्यांवर फोन पडदा वर करून आडवा ठेवा, मागचा कॅमेरा पट्ट्यांच्या फटीतून खाली बघेल. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं, की फोकस आणि उजेड जागच्या जागी पक्के होतात. ते न केल्यास चित्र लुकलुकतं. ढग आला तरी चित्र बदलतं, तेव्हा पडदे ओढून दिव्याच्या उजेडात काम करा. आणि एकाने फक्त ‘हात बाहेर!’ म्हणायचं काम करायचं. हे काम सगळ्यांना हवं असतं, म्हणून पाळी लावा.

प्रश्न : बी रुजताना मुलांना दाखवायचं आहे. तयार व्हिडिओ पुष्कळ आहेत. आपण वर्गात केला तर वेगळं काय मिळेल?

आपण पेरलेल्या बीची वाट बघणं मिळेल. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला कथापट पडद्यावर आणण्याआधी वाटाण्याच्या रोपाचीच वाढ थोडी थोडी चित्रित करून छोटी फिल्म केली होती, आणि तीच दाखवून त्यांनी पैसे पुरवणाऱ्यांचा विश्वास मिळवला. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. मोठ्या कामाआधी त्यांनी एका रोपापाशी बसून राहणं पसंत केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

जुना, कुणी वापरत नसलेला फोन चार्जरला लावून ठेवता आला, तर दर अर्ध्या तासाला एक फोटो घेता येईल : दिवसाला ४८, दहा दिवसांत ४८०, म्हणजे सेकंदाला १२ चित्रांनी ४० सेकंदांची फिल्म. रात्रीही उजेड सारखाच हवा, नाहीतर मधले फोटो काळे येतील. असा फोन नसेल, तर टेबलावर चिकटपट्टीने फोनची आणि कुंडीची जागा आखून ठेवा आणि रोज ठरलेल्या वेळी, पाळीपाळीने, दोन-तीन फोटो घ्या. फिल्म धक्के खात चालेल, पण चालेल.

यात एक नवल हमखास सापडतं. घेवड्यासारख्या वेलीचा शेंडा सरळ वर जात नाही, गोल गोल फिरत जातो. आपल्या डोळ्यांना ते एरवी कळत नाही. चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने रोपांपुढे काच ठेवून, ठरावीक वेळाने त्या काचेवर ठिपके देत ही हालचाल टिपली होती; त्यावरचं त्यांचं पुस्तक १८८० साली निघालं. काच आणि मार्कर तुमच्याकडेही असेल. फिल्म आणि ठिपके दोन्ही करा, आणि काचेवर काढलेला रस्ता फिल्ममधल्या शेंड्याशी जुळतो का, ते मुलांना ताडून पाहू द्या. ठिपके देताना मात्र डोळा दर वेळी एकाच जागी हवा. नाहीतर रोप हललं की मान, ते सांगता येणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. घरी तिला पडद्यापासून दूर ठेवताना नाकी नऊ येतात आणि शाळेत मात्र व्हिडिओ. शिवाय तिचा चेहरा कुठे कुठे जातो, याची भीती वाटते.

तुमच्या दोन्ही काळज्या रास्त आहेत. पहिलीबद्दल शाळेला एवढंच विचारा : मुलं बघतात किती आणि करतात किती? मघाच्या वजाबाकीच्या फिल्ममध्ये मुलं पडद्याकडे बघतात ती फोटो काढताना आणि शेवटी. बाकीचा वेळ काड्या, कागद आणि आपापसातली वादावादी. पण रोज अर्धा तास नुसतंच काहीतरी लावून ठेवत असतील, तर तुम्ही स्पष्ट नाराजी कळवा. मी तुमच्या बाजूने आहे.

चेहऱ्याबद्दल मी फार कडक आहे. वर्गात चित्रण करण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यायलाच हवी. संमती असली तरी फिल्म इंटरनेटवर टाकण्याची गरज नसते, पालकसभेत दाखवता येते. शिवाय फिल्ममध्ये नुसते हात आणि आवाज असले तरी ती उत्तम होते. नाव, शाळेचा बिल्ला, वहीवरचा पत्ता यांपैकी काही चौकटीत येत नाही ना, हे बघण्याचं काम मी मुलांनाच देते. आपलं काय दाखवायचं आणि काय नाही, हे ठरवायची सवय त्यांना सातव्या वर्षापासून लागलेली बरी.

प्रश्न : एक मुलगा वर्गात अजिबात बोलत नाही. कॅमेऱ्यासमोर तर आणखीच गप्प होतो.

त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करू नका. कागदी बाहुल्यांना त्याचा आवाज द्या. शांत कोपऱ्यात, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून, एकट्याला किंवा एका मित्राबरोबर रेकॉर्ड करू द्या. आवडलं नाही तर पुसून पुन्हा करता येतं, ही त्याच्यासाठी मोठी मोकळीक आहे. अशी मुलं एकच वाक्य कितीदा तरी म्हणून बघतात आणि त्यातून वाचनही सुधारतं. रेकॉर्डिंग वर्गाला ऐकवायचं की नाही, हे त्याला ठरवू द्या. ‘नको’ म्हणाला तर नको.

प्रश्न : नेमकं कोणतं ॲप वापरावं?

नाव सांगत नाही, ती बदलत राहतात. निवडताना एवढं बघा : खातं न उघडता चालतं का, नेट नसताना चालतं का, आणि फसलेला एक फोटो मुलाला स्वतःला काढून टाकता येतो का. तिन्ही जमत असेल तर घ्या.