रजिस्टरात नसलेल्या बायका

प्रिय डॉक्टर,

अफगाणिस्तानसाठी तुझी निवड झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. जाण्याआधी काय शिकून घेऊ, असं तू विचारलंस. गोळीच्या जखमा आणि तुटलेल्या हाडांची तयारी तू करशीलच. माझं सांगणं एकच, सिझेरियन शिकून घे.

आपल्याकडे जनरल सर्जरीच्या एमएसला ते कुणी शिकवत नाही, ते गायनॅकवाल्यांचं काम. तिकडे ही वाटणी चालत नाही. रुग्णालयाची शस्त्रक्रियेची कुवत जोखायला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली तीन ऑपरेशनं निवडली: सिझेरियन, पोट उघडणं आणि उघड्या फ्रॅक्चरवरचा उपचार. युद्धभूमीवर निघालेला सर्जन बहुधा शेवटच्या दोनांचाच विचार करतो. म्हणून आधी काही महिने एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये काढ, रात्रपाळ्या मागून घे.

बाळंतीण अडली की बाळाचं डोकं आणि कटीचं हाड यांच्यात मूत्राशय तासन् तास चेपून राहतं. रक्तपुरवठा तुटून तिथल्या पेशी मरतात आणि काही दिवसांनी मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यात भोक पडतं. मग लघवी अखंड गळत राहते. बाळ बहुतेक वेळा गेलेलं असतं, आणि वासामुळे घरचेही तिला दूर बसवतात. हा फिस्टुला. वेळेवर सिझेरियन झालं तर तो होतच नाही. उशिरा आलेल्या बाईचा जीव वाचवल्यावरही कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घाईने काढू नकोस, साधारण दोन आठवडे राहू दे. लहान भोक कधीकधी तेवढ्यानेच भरून येतं. बेडची टंचाई असते, लवकर घरी पाठवायचा आग्रह होईल. तिथे तू अडून बस.

ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, रजिस्टर बघशील तेव्हा पुरुषांची नावं जास्त दिसली तर 'इथे पुरुषच जखमी होतात' असं लगेच मानू नकोस. डिसेंबर २०२१मध्ये तालिबानने हुकूम काढला, की ७२ किलोमीटरहून लांबचा प्रवास बाईने जवळच्या पुरुष नातलगाशिवाय करायचा नाही. नवरा इराणात मजुरीला गेलेला असेल तर तिला आणणार कोण? मातामृत्यूंच्या अभ्यासात तीन विलंब सांगतात: घरून निघायचा निर्णय, वाटेतला वेळ आणि रुग्णालयात पोचल्यावरचा वेळ. आपण मोजतो तो फक्त तिसरा. तू पहिले दोनही विचार. कळा कधी सुरू झाल्या, घरून कधी निघालात, कुणाच्या होकारासाठी थांबलात, हे केसपेपरवर लिही. महिनाभराचे कागद एकत्र वाचलेस की ॲम्ब्युलन्स कुठे ठेवायची, कोणत्या गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायचं, ते कळेल.

संमतीच्या वेळी नवरा किंवा सासू पुढे येईल. त्यांच्याशी आदराने बोल, पण आधी तिला विचार, बाई दुभाषीमार्फत आणि बाकीच्यांना बाहेर थांबवून. तिचं उत्तर समजल्याशिवाय कागदावर अंगठा घेऊ नकोस.

आणि तिथल्या बायका सहकारी. बाईला पुरुष डॉक्टरपुढे आणायचं नाही, हे आपल्यालाही नवं नाही. मुंबईत १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं, त्यामागे तीच गरज होती. अफगाणिस्तानात डिसेंबर २०२४मध्ये मुलींचं सुईण आणि नर्सिंगचं शिक्षणही बंद झालं. याचा मला संताप येतो. उद्या तिथल्या बाईला हात लावणारं कोण उरणार? आज कामावर असलेली प्रत्येक नर्स, प्रत्येक सुईण म्हणूनच जपायला हवी. त्यांना रात्री घरी सोडणारी गाडी, वेगळी विश्रांतीची खोली, वेळेवर पगार, यासाठी भांडायला सर्जनने कमीपणा मानू नये.

इथिओपियात, आदिस अबाबात, कॅथरिन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन या डॉक्टर दांपत्याकडे मामितू गाशे ही फिस्टुलाची रुग्ण म्हणून आली होती. शाळेत न गेलेली मुलगी. ऑपरेशनच्या वेळी मदत करता करता ती स्वतः फिस्टुलाची निष्णात सर्जन झाली. तेव्हा समोर रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभी असलेली नर्स टाक्याकडे निरखून बघत असेल, तर तिला जवळ बोलाव, सुई कशी धरायची ते दाखव. नियमात बसतं तेवढं तिच्या हातून करून घे.

लेबर रूमसाठी कुणाला भेटायचं ते फोनवर सांगते. रविवारी कर.

तुझी,
मॅडम